दोन दाढांच्या मधली कीड: न दिसणारी, आणि भरायला एवढा वेळ घेणारी

दाढ वरून बघितली तर चकचकीत. खड्डा नाही, काळा ठिपका नाही, दुखत तर मुळीच नाही. तरीही डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून सांगतात, "इथे दोन दाढांच्या मधे कीड आहे, भरून घ्यावी लागेल." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उमटतो तो संशय. मग फिलिंगसाठी खुर्चीत बसल्यावर दुसरा प्रश्न येतो. मागे वरचा खड्डा भरला तेव्हा काम कसं पटकन आटोपलं होतं, मग याला तासभर का? तोंडावर रबराचा पडदा काय, धातूची पट्टी काय, पाचर काय, निळा दिवा काय. एका दाढेसाठी एवढा पसारा?

हा प्रश्न यापुढे आणखी जणांना पडणार आहे. पिढ्यान् पिढ्या दाढांमध्ये जी 'चांदी' भरली गेली, ती म्हणजे अमाल्गम. चांदी, कथील आणि तांब्याची पूड पाऱ्यात कालवून ते करतात. वजनाने साधारण निम्मा पाराच. पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद सोडून, ते बंदच केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात करारातले देश पुन्हा बसले आणि २०३४ पर्यंत अमाल्गम थांबवायचं त्यांनी मान्य केलं.

त्याच्या जागी प्रामुख्याने येतं ते दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. चांगलं मटेरियल आहे, पण चांदीइतकं सोशिक नाही. चांदी थोड्या ओलाव्यात, थोड्या घाईत भरली तरी निभावून न्यायची. कॉम्पोझिट निभावून नेत नाही, आणि दोन दाढांच्या मधली जागा तर त्याच्यासाठी सगळ्यात अवघड.

कीड नेमकी लागते कुठे?

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्याच्या आत डेंटिन. ते मऊ, सुमारे ७० टक्के खनिज, बाकी कोलॅजनचे तंतू आणि पाणी, आणि त्यातून आतल्या नसेकडे जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या. दातावर चिकटून बसलेल्या थरातले जीवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल मारते आणि गेलेलं खनिज थोडंथोडं परत बसवते. दिवसभर ही ओढाताण चालू असते.

शेजारशेजारच्या दोन दाढा एकमेकींना पूर्ण बाजूने टेकत नाहीत. दोघींचं पोट थोडं फुगीर असतं आणि त्या एका लहानशा जागी टेकतात. त्याला संपर्कबिंदू म्हणू. या बिंदूच्या जरा खाली, हिरडीच्या बाजूला, ब्रशचा केस पोचत नाही आणि लाळही नीट खेळत नाही. कीड सुरू होते ती तिथे. एनॅमलमधून आत शिरून ती डेंटिनपर्यंत पोचली की वेगाने पसरते, पण वरचा काठ शाबूत राहतो. म्हणून आरशात बघून काही कळत नाही. फार झालं तर त्या काठाखाली करडी सावली दिसते, आणि तीही कीड बरीच पुढे गेल्यावर.

यासाठी बाइटविंग नावाचा छोटा एक्स-रे काढतात. तोंडात ठेवलेल्या फिल्मची किंवा सेन्सरची पट्टी तुम्ही दातांत धरता आणि वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. दोन दाढांच्या मधे काळसर त्रिकोण दिसला की समजायचं. मात्र साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर फारसं काही उमटत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कीड चित्रात दिसते त्याहून थोडी मोठीच निघते. "एवढंसं तर दिसतंय, मग एवढं का कोरलं?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

दिसली की भरायलाच हवी का?

नाही. सावली फक्त एनॅमलमध्ये असेल आणि दाताचा पृष्ठभाग फुटलेला नसेल तर ती कीड थोपवता येते. फ्लोराइड, रोज दोऱ्याने फटी साफ करणं, अधूनमधून गोड तोंडात टाकायची सवय कमी करणं आणि ठराविक काळाने पुन्हा एक्स-रे. अशा सच्छिद्र झालेल्या एनॅमलमध्ये पातळ रेझिन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा प्लॅस्टिकसारखा द्रव, मुरवून ती जागा बंद करायचीही पद्धत आहे, त्यात ड्रिल लागत नाही. एनॅमलमधल्या फिकट सावलीसाठी कुणी लगेच कोरायला निघालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला मी तरी संकोच करणार नाही.

पण पृष्ठभागाला भोक पडलं आणि कीड डेंटिनमध्ये बरीच आत गेली की गणित बदलतं. त्या खळग्यातले जीवाणू ना ब्रशला लागतात ना दोऱ्याला. थांबलात तर नस गाठली जाते आणि फिलिंगचं काम रूट कॅनालवर जातं.

कॉम्पोझिट म्हणजे काय

घर बांधताना काँक्रीट कसं असतं? खडी, ती धरून ठेवणारं सिमेंट, आणि ओलं असताना आकार देणारं शटरिंग. कॉम्पोझिटची मांडणी तीच. खडीच्या जागी काचेचे आणि सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि दाढांसाठीच्या कॉम्पोझिटमध्ये वजनाचा मोठा वाटा त्यांचाच. सिमेंटच्या जागी रेझिन. त्यातलं सर्वात गाजलेलं बिस-जीएमए हे रेझिन अमेरिकेतले राफेल बोवेन यांनी तयार केलं, १९६२ मध्ये त्याचं पेटंट निघालं. काच आणि रेझिन मुळात एकमेकांना धरत नाहीत, म्हणून प्रत्येक कणाला सिलेन नावाच्या रसायनाचा लेप देतात. शटरिंगकडे थोड्या वेळाने येऊ, खरी गोम तिथेच आहे.

रेझिन घट्ट होतं निळ्या प्रकाशाने. त्यात मिसळलेलं एक द्रव्य साधारण ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतं आणि सुट्या रेणूंच्या साखळ्या जुळायला लागतात. काही सेकंदांत लगदा कडक होतो. अडचण अशी की हा प्रकाश फार खोल जात नाही. नेहमीच्या कॉम्पोझिटचा सुमारे २ मिलिमीटरचा थर लावायचा, दिवा मारायचा, पुढचा थर लावायचा. 'बल्क फिल' प्रकारात साधारण ४ मिलिमीटर एका दमात भरता येतं. खोल खळगा आणि वर भसाभस एकच थर, असं झालं तर वरून दगडासारखं कडक आणि तळाशी कच्चं राहतं. वरून ते ओळखता येत नाही.

दुसरी अडचण आकसण्याची. घट्ट होताना कॉम्पोझिट साधारण दोन-तीन टक्के आकसतं. आकडा किरकोळ वाटतो, पण हे मटेरियल चारी बाजूंनी दाताला चिकटलेलं असतं, त्यामुळे आकसताना ते त्या सगळ्या भिंती आपल्याकडे ओढतं. जिथली पकड कच्ची, तिथे ते सुटतं. दोन दाढांच्या मधल्या फिलिंगमध्ये पकड सगळ्यात कच्ची कुठे असते? तळाच्या काठाशी, हिरडीजवळ, जिथे तुम्हालाही दिसत नाही आणि दोराही आळसाने फिरतो.

चिकटतं कसं, आणि ओलाव्याचं एवढं वावडं का?

चांदी दाताला चिकटत नसे. खळगा आत रुंद, तोंडाशी अरुंद असा कोरून तिला अडकवून ठेवावं लागे, आणि त्यासाठी चांगला दातही कापला जाई. कॉम्पोझिट चिकटतं, म्हणून कीड काढली की शक्यतो तेवढ्यावर थांबता येतं. हे शक्य झालं ते अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांच्यामुळे. १९५५ मध्ये त्यांनी दाखवलं की एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतलं तर त्यावर सूक्ष्म छिद्रं तयार होतात आणि पातळ रेझिन त्यात शिरून पक्कं अडकतं. आजही तोंडात निळी-हिरवी जेल लावून पंधरा-वीस सेकंदांनी पाण्याने धुतात ती हीच. तिच्यात आम्लाचं प्रमाण आता ३५-३७ टक्के असतं.

एनॅमलशी ही सोयरीक सहज जमते. डेंटिनशी नाही. डेंटिनवर आम्ल लावलं की कोलॅजनचे तंतू उघडे पडतात आणि बाँडिंगच्या द्रवाला, म्हणजे चिकटवणाऱ्या त्या पातळ रेझिनला, त्यांच्या जाळ्यात मुरावं लागतं. फार वाळवलं तर तंतू एकमेकांवर बसतात आणि द्रव आत जात नाही. फार ओलं ठेवलं तर पाणीच जागा अडवतं. अलीकडची बाँडिंगची रसायनं यात बरीच समजूतदार झाली आहेत. काही तर वेगळं आम्ल न लावताच डेंटिनवर वापरता येतात.

लाळ आणि रक्त मात्र कुणालाच चालत नाही. प्रत्यक्षात होतं ते असं: आम्ल धुतलं, हवेने हलकं वाळवलं, एनॅमल खडूसारखं पांढरं दिसायला लागलं, सगळं छान. तेवढ्यात तळाच्या काठावर, हिरडीच्या बाजूने, एक गुलाबी ओल हळूच वर चढते. टाचणीच्या डोक्याएवढीसुद्धा नसते ती. तिच्यावरून बाँडिंग फिरवलं तर फिलिंग आज सुंदर दिसेल आणि पुढे कधीतरी नेमकं तिथूनच कीड पुन्हा आत शिरेल. म्हणून थांबायचं, रक्त थांबवायचं, धुवायचं, पुन्हा आम्ल, पुन्हा वाळवणं. खुर्चीतल्या माणसाला वाटतं, काय हे तेच तेच चाललंय.

रबराचा तो पडदा, म्हणजे रबर डॅम, याचसाठी. न्यूयॉर्कचे सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये तो पहिल्यांदा वापरला, तेव्हा कॉम्पोझिटचं नावही नव्हतं. या पडद्यामुळे फिलिंग जास्त टिकतं असा कल अभ्यासांत दिसतो, पुरावा मात्र फार भक्कम नाही. कापूस आणि सक्शन नीट वापरूनही चांगलं काम होतं. तरी खालच्या शेवटच्या दाढांपाशी, जीभ सारखी वळवळत असताना, कापसावर विसंबणं मला धाडसाचं वाटतं.

खरी गोम: नसलेली भिंत

वरचा खड्डा भरणं सोपं, कारण त्याला चारी बाजूंनी भिंती असतात. दोन दाढांच्या मधली कीड काढली की एक बाजूची भिंतच जाते. आता ओतायचं कशात? इथे शटरिंग येतं. दातांच्या भाषेत मॅट्रिक्स: धातूची, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी पातळ पट्टी. ती दाढेच्या उघड्या बाजूला उभी करायची आणि तिला टेकून नवी भिंत उभारायची. शटरिंग वाकडं तर भिंत वाकडी, शटरिंगखाली फट तर तिथून माल बाहेर.

चांदीच्या काळात हे तुलनेने सोपं होतं. चांदी दाबून दाबून ठासायची असते आणि त्या दाबाने पट्टी आपोआप शेजारच्या दाढेला जाऊन भिडते. कॉम्पोझिट मऊ असतं, ते पट्टीला ढकलत नाही. दाढेभोवती गोल गुंडाळलेली सरळ पट्टी वापरली तर नवी भिंत सपाट होते आणि शेजारणीला टेकतच नाही, किंवा टेकली तर नको तिथे, अगदी वरच्या काठाशी. म्हणून आता दाढेच्या पोटासारखी आधीच फुगवलेली, अर्धीच बाजू झाकणारी पट्टी वापरतात. तिच्या तळाशी लाकडी किंवा प्लॅस्टिकची छोटी पाचर ठोकतात. पाचरीने पट्टी दाताला तळाशी घट्ट बसते आणि हिरडी खाली दाबली जाते. वरून एक स्प्रिंगची रिंग बसवतात, ती पट्टीला दोन्ही बाजूंनी आवळते. पाचर आणि रिंग मिळून दोन्ही दाढांना केसभर दूर सारतात. "दातांत काहीतरी ताणल्यासारखं वाटतंय," असं जे वाटतं ते हेच. काम झाल्यावर दोन्ही निघतात, दाढा जागेवर येतात आणि पट्टीच्या जाडीची फट भरून निघते. हा ताण नसता तर संपर्क सैल राहिला असता.

मग आधी ती बाजूची भिंत तेवढी बांधून दिवा मारायचा. भिंत झाली की उरतो तो साधा वरचा खड्डा, तो थर देत भरायचा.

एवढा खटाटोप त्या एका बिंदूसाठी का, हे संपर्क सैल राहिलेल्या माणसाला विचारा. प्रत्येक जेवणात तिथेच अन्न अडकतं, दिवसभर टोकरत बसावं लागतं, हिरडी सुजते आणि शेजारच्या दाढेलाही कीड लागते. उलट बाजूची चूक म्हणजे तळाशी बाहेर आलेला कॉम्पोझिटचा ओठ. त्यावर मळ साचतो आणि हिरडीतून रक्त येत राहतं. दोन्हीची चाचणी तुम्ही घरीही करू शकता. फ्लॉसचा दोरा त्या फटीत घातला की किंचित अडून 'टक्' करून खाली गेला पाहिजे. काही अडथळा न येता घसरला तर संपर्क सैल आहे. खाली जाऊन तुटला किंवा पिंजला तर काठ खरखरीत आहे. दोन्ही वेळी परत जाऊन दाखवायचं, त्यात संकोच कसला.

"आधी दुखत नव्हतं, भरल्यावर दुखायला लागलं"

ही तक्रार खरी असते. खोल कीड काढली, आम्ल लावलं, बाँडिंग केलं, आकसण्याचा ताण आला, एवढं झाल्यावर नस काही दिवस कुरकुर करते. गार पाण्याने क्षणभर सणक येणं आणि काही दिवसांत, फार तर दोन-चार आठवड्यांत ते ओसरणं चिंतेचं नाही. चावल्यावरच दुखत असेल तर बहुधा फिलिंग केसभर उंच राहिलं आहे. शेवटी रंगीत कागद चावायला देतात तो त्यासाठीच, पण जबडा बधिर असताना माणूस नेहमीसारखा चावत नाही, त्यामुळे हे निसटतं. थोडं घासलं की बरं वाटतं.

गार लागल्यावर कळ बराच वेळ टिकत असेल, काही न करता ठणका लागत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर मात्र थांबू नका. नसेला इजा झाल्याची ती लक्षणं आहेत. कीड मुळात खोल असेल तर फिलिंग उत्तम होऊनही हे घडू शकतं.

चांदीपेक्षा कमी टिकतं, हे खरं का?

बऱ्याच अंशी. दोन्हींची थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला, त्यात कॉम्पोझिट निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं, आणि मुख्य कारण काठाशी पुन्हा लागलेली कीड. यातल्या मुख्य चाचण्या मुलांवरच्या होत्या, हे ध्यानात ठेवायला हवं. मोठ्यांच्या दाढांवरच्या दीर्घकालीन नोंदींत वर्षाला शंभरातली साधारण एक ते तीन कॉम्पोझिट फिलिंग निकामी होतात, म्हणजे दहा वर्षांनीही बहुतेक जागेवर असतात. पण हा आकडा तोंडागणिक बदलतो. ज्याला सारखी नवी कीड लागते त्याचं फिलिंग लवकर जातं, मग कंपनी कुठलीही असो.

कॉम्पोझिटची जमेची बाजू म्हणजे दुरुस्ती. एक कोपरा तुटला तर सगळं उकरावं लागत नाही. तेवढाच भाग खरवडून, बाँडिंग करून नवं जोडता येतं. "काढून नवीनच भरू" असं सुचवलं गेलं तर दुरुस्ती होईल का, हे जरूर विचारा.

"प्लॅस्टिकच ना शेवटी, अपाय होणार नाही?"

शंका बहुतेक वेळा बीपीए, म्हणजे प्लॅस्टिक बनवताना वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनाबद्दल असते. बिस-जीएमए बनवताना ते वापरलं जातं आणि अत्यल्प अंश मागे राहू शकतो. जे काही सुटतं त्यातलं बरंचसं फिलिंगनंतरच्या पहिल्या काही तासांत, आणि प्रमाण फार कमी. शिवाय हवेतल्या ऑक्सिजनमुळे सगळ्यात वरचा पातळ थर चिकट, अर्धवट राहतो. तो घासून, पुसून काढायचा आणि भरपूर चुळा भरायच्या, एवढ्याने हे आणखी घटतं.

कुठे कॉम्पोझिटचा हट्ट नको

दाढेचा माथ्यावरचा उंचवटाच गेला असेल, भिंती पातळ उरल्या असतील, तर बाहेर बनवून चिकटवलेला तुकडा किंवा कॅप बरी. काठ हिरडीच्या इतका खाली असेल की तिथे कोरडं करताच येत नाही, तर ग्लास आयोनोमर हा पर्याय आहे. ते ओलाव्याला कमी घाबरतं, दाताला रासायनिक रीतीने चिकटतं आणि फ्लोराइड सोडतं, पण चावण्याच्या जोराला कॉम्पोझिटइतकं टिकत नाही. कधीकधी तळाला ते आणि वर कॉम्पोझिट असा मेळही घालतात.

मग जुनी चांदी काढून टाकू का?

नको, ती शाबूत असेल तर. पाऱ्याच्या कराराचा रोख मुख्यतः पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्यावर आहे. तुमच्या दाढेतली चांगली बसलेली चांदी उपटायला तो सांगत नाही. उलट ती ड्रिलने काढताना पाऱ्याची वाफ एरवीपेक्षा जास्त निघते आणि सोबत थोडा चांगला दातही जातो. चांदीखाली कीड असेल, काठ फुटला असेल, दाताला तडा गेला असेल किंवा पाऱ्याची खरोखर ॲलर्जी असेल तरच ती काढायची. निव्वळ काळी दिसते म्हणून काढायची असेल तर निर्णय तुमचा, पण त्या जागी येणाऱ्या कॉम्पोझिटसाठी पडदा, पट्टी, पाचर आणि तासभराची बैठक धरून चाला.